मुलांकडे सणाला जाताना: बेळगावकडच्या आई-वडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप यायला लागतात. "सर, पुण्याचं तेवढं बघतासा काय?" बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून गल्लीतल्या लोकांची तिकिटं काढून देतो, त्यातून हा उद्योग मागे लागला. आमचा मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळूरला. त्यामुळे दोन्ही दिशांची ठेच खाऊन झालेली आहे. जे प्रश्न दरवर्षी येतात तेच इथे घेतले आहेत. तारखा यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या दिवाळीच्या.

१. दिवाळीचं रेल्वे आरक्षण नेमकं कधी उघडतं?

प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती निम्म्यावर आली. पुष्कळांच्या डोक्यात अजून चार महिन्यांचाच हिशेब बसलेला आहे. ते जुलैत खिडकीवर जाऊन हात हलवत परत येतात आणि मग सप्टेंबरात विसरतात.

यंदा अधिक महिना आल्यामुळे सगळे सण लांबलेत. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. शुक्रवारी ६ तारखेला निघायचं असेल तर आरक्षण सोमवारी ७ सप्टेंबरला उघडेल, म्हणजे गणपती यायच्या बरोबर आठवडाभर आधी. मखराची गडबड सुरू असते, तरी ती सकाळ मोकळी ठेवा.

मोबाइलवरून काढणार असाल तर खात्याला आधार जोडून घ्या, आणि ते ऑगस्टमध्येच करा. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावरचा सुरुवातीचा वेळ आधार जोडलेल्या खात्यांसाठीच राखलेला असतो, आणि सणाच्या गाड्या तेवढ्यात भरतात. आणखी एक, बारीकशीच गोष्ट: ॲपमध्ये जुन्या सवयीने 'बेलगाम' शोधत बसू नका. नाव २०१४ साली बदललं. 'बीजीएम' हा स्टेशनचा कोड टाकला की काम होतं.

२. जायचं तिकीट मिळालं. परतीचं नंतर बघितलं तर चालेल ना?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

जाताना आपण आपल्या गावातून निघतो. रेल्वे नाही मिळाली तर बस, बस नाही तर कुणाची तरी गाडी, काहीतरी होतंच. परतताना आपण दुसऱ्याच्या घरात बसलेले असतो. फोन मुलाच्या हातात, त्याला ऑफिस, आणि भाऊबीज झाली की अर्धं पुणं परत निघालेलं असतं. त्यात परतीचं आरक्षण वेगळ्या दिवशी उघडतं. मंगळवारी १७ नोव्हेंबरला परतायचं असेल तर ते १८ सप्टेंबरला उघडेल. तो गणपतीचा पाचवा दिवस. घरात आरती, पाहुणे, मोदक. तारीख हुकते ती तिथेच. कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.

आम्ही पहिल्या वर्षी परतीचं तिकीट न काढताच गेलो होतो. आठ दिवसांचे एकोणीस दिवस झाले. कुणी एका शब्दाने बोललं नाही, सुनेने तर कधीच नाही. पण बाराव्या दिवशी मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, अजून राहा की, घाई काय आहे," आणि त्यानंतर ताटात बघत राहिला. हिने त्याच रात्री बॅग भरायला घेतली. परत आलो ते खासगी बसच्या शेवटच्या सीटवर, दुप्पट पैसे मोजून. आता तिकीट दाखवूनच घरात पाऊल टाकतो. सगळ्यांना तारीख माहीत असते, त्यामुळे शेवटच्या दिवशी "राहा की" म्हणतात ते अगदी मनापासून असतं.

३. आम्ही निपाणीचे (किंवा अथणीचे, खानापूरचे). बेळगावलाच येऊन गाडी पकडायची का?

मुळीच नाही. ॲपवर बेळगाव दिसतं म्हणून मुलं तिथलं तिकीट काढतात आणि आई-वडील उलट्या दिशेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर येतात. निपाणीला रेल्वे नाही, पण कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथून मुंबईला महालक्ष्मी आणि कोयना आहेत. दोन्ही पुण्यावरूनच जातात. अथणी, कागवाडकडच्या लोकांना मिरज जवळ. रायबाग, कुडची, घटप्रभा ही स्टेशनं बेळगाव-मिरज मार्गावरच आहेत, फक्त तुमची गाडी तिथे थांबते का ते आधी पाहा. खानापूरकरांना लोंढा हाताशी आहे.

कारवारकडून विचारणाऱ्यांसाठी: तुमचा मार्ग कोकण रेल्वेचा. तिथल्या गाड्यांचा इथे काही उपयोग नाही, पण बाकीची उत्तरं लागू पडतील.

४. पुण्याला आणि बेंगळूरला कुठली गाडी बरी?

पुण्याला हुबळी-पुणे वंदे भारत आहे, सप्टेंबर २०२४ पासून. बेळगाव, मिरज, सांगली, सातारा करत जाते. दिवसाउजेडी पोचवते हा तिचा मोठा गुण. पण ती आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि तिच्यात बसूनच जायचं, आडवं व्हायची सोय नाही. कंबरेचं दुखणं असेल तर गोवा एक्स्प्रेस किंवा हुबळी-दादर एक्स्प्रेसचा बर्थ बघा.

बेंगळूरला १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहूनच वंदे भारत सुटते. पहाटे निघून दुपारी पोचते, बुधवारी नसते. तरी आमची जुनी माणसं राणी चन्नम्माच पसंत करतात. रात्री जेवून बसायचं, सकाळी चहाला मुलीकडे. मीही त्यातलाच. पहाटेच्या गाडीसाठी रात्रभर घड्याळ बघत जागायचं, यात वाचलेला वेळ कुठे जातो ते मला कळलेलं नाही.

५. दोघंही साठीच्या पुढचे, तरी वरचा बर्थ मिळाला. असं का?

बहुतेक मुलाने सगळ्यांचं तिकीट एकत्र काढलं असणार. खालच्या बर्थचा राखीव कोटा ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना आहे, पण तिकिटावर तुम्ही एकटे किंवा दोघंच असाल तर. त्यात नातू किंवा पस्तिशीची लेक घातली की हा कोटा लागू होत नाही. एकत्र प्रवास करायचा असला तरी म्हाताऱ्या माणसांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा आला तरी सकाळी भेट होतेच, गुडघे मात्र सुखरूप राहतात.

६. ज्येष्ठांना तिकिटात सूट किती?

शून्य. मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत सुरू झालेली नाही. वय तरीही खरं घाला, वरच्या प्रश्नातल्या कोट्यासाठी ते लागतं.

७. वेटिंग आहे. चढू का गाडीत?

मोबाइलवर काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते दाखवून गाडीत चढलात तर विनातिकीट ठरता. खिडकीवरून घेतलेलं वेटिंग तिकीट असेल तर फक्त जनरल डब्यात बसता येतं. आरएसी असेल तर निर्धास्त चढा, बसायला अर्धी जागा नक्की मिळते. सणात मात्र त्या अर्ध्या जागेवर दोघांची चार बोचकी येतात, एवढं गृहीत धरा.

तात्काळ आदल्या दिवशी उघडतं: एसीचं सकाळी १० ला, बाकीचं ११ ला. जुलै २०२५ पासून त्यालाही आधार लागतं. तात्काळचं पक्कं झालेलं तिकीट रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही, म्हणून "काढून तर ठेवू" हा विचार इथे करू नका.

८. तिकीट माझ्या नावावर, पण जाणार ही. नाव बदलता येतं?

येतं. गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी आरक्षण खिडकीवर अर्ज आणि नात्याचा पुरावा द्या. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढ्यांनाच देता येतं. सून, जावई या यादीत नाहीत. यावरून घरात वाद घालू नका, नियम रेल्वेचा आहे.

९. बायकांना बस फुकट आहे म्हणतात. बेळगाव ते पुणे फुकट जाता येईल?

पूर्ण नाही. हा प्रश्न आपल्याच पट्ट्यात येतो, कारण आपल्याला दोन राज्यांच्या योजना अर्ध्या-अर्ध्या लागतात.

कर्नाटकाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे. साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये कर्नाटकातल्या कर्नाटकात मोफत. राजहंस, स्लीपर, एसी यांत नाही, आणि दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्येही नाही. म्हणजे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या थेट बसमध्ये बसून आधार दाखवलं तर कंडक्टर मान हलवणार. बेळगाव-निपाणी बस धरलीत तर मोफत. शून्य रुपयांचं तिकीट देतात, ते उतरेपर्यंत जपून ठेवा.

महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. थेट एसटीत बसलात तर हद्दीपर्यंतचं पूर्ण आणि पुढचं अर्धं असा हिशेब होतो.

काटकसर करणाऱ्या बायका मग निपाणीपर्यंत शक्ती, तिथून कोल्हापूर, आणि कोल्हापूरहून पुण्याची एसटी असा प्रवास करतात. आमच्या गल्लीतल्या एक काकू दर महिन्याला असंच जातात आणि वाचलेल्या पैशांतून नातवाला काहीतरी नेतात. त्यांचं वय छप्पन्न. सत्तरीच्या बाईने हातात फराळाचे डबे घेऊन दोन ठिकाणी बस बदलावी असं मी कधीच सांगणार नाही. कोल्हापूरपर्यंतच जायचं असेल तर ठीक आहे.

१०. सुनेचं आधार पुण्याच्या पत्त्याचं आहे. ती बेळगावात आल्यावर शक्तीचा फायदा मिळेल?

नाही. ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता लागतो. उलट लग्न होऊन पुण्याला गेलेल्या ज्या मुलींनी आधारवरचा पत्ता बदललेला नाही, त्या माहेरी आल्या की हक्काने फुकट फिरतात. त्यावरून नणंद-भावजयीत काय बोलणं होतं ते मी ऐकलेलं आहे, इथे लिहीत नाही.

११. १ नोव्हेंबरच्या आसपास बस बंद पडतात का?

दरवर्षी पडतातच असं नाही, पण तो दिवस टाळा. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस. शहरातले मुख्य रस्ते अडलेले असतात आणि बंदोबस्त कडक असतो. यंदा १ तारीख रविवारी आहे, लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, म्हणजे लवकर निघणाऱ्यांच्या नेमकी आड येणारी.

तणाव वाढला की पहिला घाव बसवर बसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांमधल्या बस काही दिवस थांबल्या होत्या. अशा वेळी इकडची बस निपाणी-कोगनोळीपर्यंत आणि तिकडची कागलपर्यंत येते. मधलं अंतर थोडं, पण रात्री सामान घेऊन ते काढणं सोपं नाही. रेल्वे चालू राहते. म्हणून ३० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या दिवसांत निघायचंच असेल तर रेल्वेनेच निघा. याच कारणासाठी मुलाला एमएच नंबरची गाडी घेऊन त्या दिवशी शहरात बोलावू नका.

१२. पुण्याच्या नातवाला दिवाळीत सुट्टी, बेंगळूरच्या नातीला नाही. दोघांना एकत्र कधी भेटायचं?

याचं मूळ शाळांच्या वेळापत्रकात आहे. कर्नाटकातल्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळा मोठी सुट्टी दसऱ्याला देतात, दिवाळीला मोजके दिवस. महाराष्ट्रात नेमकं उलटं. आपण लहानपणी दसऱ्याची सुट्टी भोगली, म्हणून आपल्याला हे वेगळं वाटत नाही. मुलं दोन राज्यांत गेली की ते टोचायला लागतं.

आमची वाटणी ठरलेली आहे: दसऱ्याला बेंगळूर, दिवाळीला पुणे. यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे, मध्ये अडीच आठवडे घरी मिळतात, तेवढ्यात फराळ होतो. सीबीएसईच्या शाळांचं गणित निराळं असतं, त्यांचं वेळापत्रक मागवूनच तिकीट काढा.

दोघांना एकत्र आणायचं तर मे महिना. इकडच्या शाळा साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बंद असतात, तिकडच्या मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. सामाईक निघतो तो मे. तेव्हा त्यांनी इकडे यायचं, आपण कुठे जायचं नाही. आमच्याकडे नातू पुण्याचं मराठी बोलतो, नात बोलता बोलता कन्नडात शिरते, आणि भांडण पेटलं की दोघंही इंग्रजीत जातात. हिला मधलं काही कळत नाही. मग ही दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालते, न्याय बरोबर होतो.

१३. फराळ, कुंदा, मांडे काय काय नेता येईल?

रेल्वेने, बसने काहीही न्या. कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. वाफ धरली की तो लवकर आंबतो. मांडे न्यायचे तर मिठाईचा चपटा खोका लागतो आणि तो मांडीवर धरायचा. वर ठेवलात तर पुण्यात चुरा पोचतो. तो चुरा दुधात घालून खाल्ला तर उत्तम लागतो, पण सांगताना "मांडे आणले" असं सांगता येत नाही. गोकाकचा करदंट सगळ्यात समजूतदार, आपटला तरी त्याला काही होत नाही.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानाने जाणार असाल तर तिकिटावर वजनाची मर्यादा वाचा, देशांतर्गत प्रवासाला साधारणपणे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो असते. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल असल्यामुळे ते ज्वालाग्राही मानतात. अख्ख्या वाट्या नेऊ नका, खोबरं तिकडे मिळतं. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत हवी.

आणि सुनेला एकदा विचारा तिला काय हवं ते. आमच्या सुनेला अनारसे आवडत नाहीत हे आम्हाला चौथ्या वर्षी कळलं. तोवर ती ते सोसायटीत वाटत होती.

१४. बस पहाटे चारला पोचते. पुढे काय?

बस पोचते म्हणजे कुठे, ते आधी विचारा. एसटी स्वारगेटला जाते. खासगी बस बायपासवरून जातात आणि नवले पूल, चांदणी चौक, वाकड अशा ठिकाणी सोडतात. त्या अंधारात रस्ता ओलांडायचा नाही, उतरलात त्याच बाजूला थांबायचं.

दुसरा अडथळा सोसायटीचा. आमचं झालेलं सांगतो. सव्वाचार वाजता मुलाच्या गेटवर उभे. रखवालदार म्हणतो, ॲपमध्ये नोंद नाही. मुलाचा फोन बंद, चार्जिंगला लावून झोपलेला. हिच्या हातात कुंद्याचा डबा, माझ्या हातात पणत्यांची पिशवी. "आम्ही त्याचे आई-वडील," असं सांगितल्यावर तो बिचारा म्हणाला, "हो काका, पण फ्लॅट नंबर?" आणि मला बिल्डिंगचं नाव आठवलं, नंबर आठवेना. सहा वाजेपर्यंत त्याच्या खोलीत बसलो. चहा त्यानेच दिला, कुंदा आधी त्याला मिळाला.

तेव्हापासून पत्ता, फ्लॅट नंबर आणि सुनेचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवतो. गेटची नोंद मुलाने आदल्या रात्रीच करून ठेवायची.

१५. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यासाठी परत यावं लागेल?

नाही. केंद्राच्या पेन्शनवाल्यांना जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, कुठूनही देता येतं, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. आधार आणि पेन्शन खात्यावरचं नाव सारखं हवं, आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर जवळ ठेवा. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांनी तो उरकूनच निघावं. ईपीएफचं पेन्शन असेल तर नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो.

१६. स्वतःच्या गाडीने गेलो तर?

बेळगाव-पुणे साधारण ३४० किलोमीटर. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे सहा टोल, जाऊन-येऊन बारा. वार्षिक फास्टॅग पास २०० फेऱ्यांचा असतो, वर्षातून एकदा जाणाऱ्याला तो परवडत नाही. साठीनंतर एकट्याने एका दमात गाडी चालवू नका. कोल्हापूरला जेवून तासभर आडवे व्हा.

१७. आम्ही गेलो तर इथल्या घरात दिवा कोण लावणार?

हा प्रश्न फोनवर कुणी सरळ विचारत नाही. तिकीट काढून झालं की जाता जाता विचारतात.

लक्ष्मीपूजन आपल्याच घरात करायचं असेल तर ८ तारखेला रात्री निघा, भाऊबीज बुधवारी ११ ला आहे, तिकडे वेळेत पोचता. ८ च्या रात्रीची गर्दीही कमी असते, कारण बाकीचे आधीच गेलेले असतात. आधीच निघणार असाल तर किल्ली शेजारी द्या आणि पणत्या, तेल, वाती दाराशी काढून ठेवा. शोधायला लागल्या तर लावल्या जात नाहीत. जवळच्या पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचं सांगून ठेवा.

आमच्या अंगणात दरवर्षी गल्लीतली पोरं किल्ला करतात. आम्ही नसतो म्हणून माती, दगड आणि जुनी पोती मागच्या बाजूला काढून ठेवतो, मावळ्यांचा डबा खिडकीत. गेल्या वर्षी पाडव्याला पोरांनी पुण्याला फोटो पाठवला. नातवाने तो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "आजोबा, बुरुजावरचा तोफवाला माझा आहे, त्यांनी विचारलं नाही."